जर्मन वाचता येतं, पण ऐकलेलं सगळं डोक्यावरून जातं. पॉडकास्ट नक्की ऐकायचे कसे?

मिरजेची_सिस्टर
नमस्कार मंडळी. मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. सांगलीत विश्रामबागला जर्मनचा क्लास लावलाय, बी-१ चालू आहे (ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पातळ्यांतली तिसरी), गोएथे इन्स्टिट्यूटची परीक्षा द्यायचीय. वाचायला-लिहायला बऱ्यापैकी जमतं, पण ऑडिओ सुरू झाला की डोकं बधिर होतं. सर म्हणतात, पॉडकास्ट ऐका, कान तयार होतील. म्हणून डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या लावते. ड्युटीला जाता-येता सिटी बसमध्ये, घरी भाकऱ्या थापताना. इतकं हळू बोलतात, तरी बर्लिन, ब्रुसेल्स असली नावं सोडली तर काही हाती लागत नाही. नुसतं ऐकत राहून खरंच फरक पडतो का? की मी उगाच नेटपॅक संपवतेय?

कृष्णाकाठ
सबटायटल लावून जर्मन सीरियल बघा. येतं हळूहळू.

बेदाणा_शेड_तासगाव
सबटायटल लावलं की डोळे वाचतात आणि कान झोपतात. ताईंचं वाचन चांगलंच आहे, त्यांना त्याचा काय उपयोग?

ताई, मुळात त्या बातम्या बी-१ च्या नाहीतच. डॉयचे वेलेनं त्या बी-२, सी-१ वाल्यांसाठी ठेवल्यात. हळू वाचलं म्हणून सोपं होत नाही. वाक्यं खऱ्या बातमीचीच, लांबलचक, फक्त निवेदक सावकाश वाचतो. तुमच्यासाठी त्यांचंच 'टॉप-टेमा' आहे. छोटासा विषय, ऑडिओ, पूर्ण मजकूर, अवघड शब्दांचे अर्थ आणि शेवटी प्रश्न, सगळं फुकट. तेही जड गेलं तर त्यांचाच 'निकोस वेग' हा व्हिडिओ कोर्स बघा, तो ए-१ पासून बी-१ पर्यंत जातो.

आणि भाकऱ्या थापताना ऐकणं बंद करा. शेडवर बेदाण्याची प्रतवारी चालू असताना मीही कानात जर्मन घालून फिरायचो. लोकांना वाटायचं पोरगं लई अभ्यासू, कानात जायचा तो नुसता आवाज. बी-२ निघालं ते संध्याकाळी बायका घरी गेल्यावर ऑफिसात दार लावून बसायचो त्यावर.

मिनिटभराचाच तुकडा घ्यायचा. आधी काही न बघता एकदा सलग ऐकायचा. मग वाक्यावाक्याला थांबवून वहीत उतरवायचा, आणि तोही देवनागरीत. हसू नका. जर्मन स्पेलिंग लिहायला गेलं की डोकं पाठ असलेला शब्द पुढं ढकलतं. देवनागरीत मात्र कानानं पकडलं तेच उतरतं. मग मजकूर उघडून ताडून बघायचं. गप्पांच्या एका पॉडकास्टमध्ये मी 'हाम्वा' लिहिलं होतं, आणि मजकुरात होतं 'हाबेन वीर'. दोन्ही शब्द पहिल्या महिन्यापासून पाठ! बोलताना माणसं ते असे दाबून एकात एक घालतात. सावकाश वाचलेल्या ऑडिओत हे दाबणं नसतंच, म्हणून वेग कमी करायचा तो फक्त अडलेलं वाक्य सोडवायला. शेवटचं ऐकणं मूळ वेगानंच.

आकड्यांना घाबरू नका. सत्तेचाळीस म्हणजे जर्मनमध्ये सात-आणि-चाळीस, आपल्यासारखंच एकक आधी. आपण फॉर्टी-सेव्हनवरून वळसा घालतो म्हणून गोंधळ होतो. एकोणपन्नास, एकोणसाठ तेवढे सांभाळा, तिथं ते सरळ नऊ-आणि-चाळीस, नऊ-आणि-पन्नास म्हणतात.

परीक्षेत ऐकण्याचे चार भाग असतात. पहिला आणि चौथा दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. तेव्हा घरीही पहिल्याच ऐकण्यात प्रश्नांची उत्तरं लिहायची सवय लावा. शंभरात साठ लागतात. ऐकण्याचा पेपर राहिला तरी तेवढाच पुन्हा देता येतो, वाचन, लेखन, बोलणं परत द्यावं लागत नाही.

राजवाडा_सातारा
दादांशी मी निम्मीच सहमत. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला दार लावून बसायला रोज कुठून मिळणार? नवीन ऑडिओ कामात ऐकू नये हे खरं. पण काल वहीत उतरवलेला तुकडा आज भाकऱ्या थापताना खुशाल लावा. अर्थ माहीत असतो, मग चाल आणि उच्चार आपोआप मुरतात.

शिवाय एकाच निवेदकाला चिकटून राहू नका. माझी लेक श्टुटगार्टला नर्स आहे. बी-२ करून गेली, तरी वॉर्डातले म्हातारे पेशंट तिकडची श्वेबिश बोली बोलायला लागले की पहिले काही आठवडे ती नुसती मान डोलवायची. बायकांचे, पुरुषांचे, म्हाताऱ्यांचे, घाईत बोलणाऱ्यांचे, सगळे आवाज कानावरून जाऊ द्या. यूट्यूबवरचे ईझी जर्मनवाले रस्त्यावरच्या लोकांना गाठून बोलतं करतात, त्यांचे व्हिडिओ आवाजापुरते लावले तरी चालतात.

मिरजेची_सिस्टर
दोघांचेही आभार. टॉप-टेमा लावून बघितलं. पहिल्या झटक्यात निम्मं कळलं, बरं वाटलं. रात्रपाळीला पहाटेच्या वेळी वॉर्ड जरा शांत असतो, पण तिथं कानात काही घालून बसता येत नाही, म्हणून लिहिण्याचं काम सुट्टीच्या दिवशी आणि बाकी ऐकणं बसमध्ये असं ठरवलंय. एक शंका: तो दोन टिंबांचा ऊ (ü) देवनागरीत लिहायचा कसा?

बेदाणा_शेड_तासगाव
ओठ ऊ चे, जीभ ई ची. मी 'यू' लिहून खाली रेघ मारतो. तुम्ही काहीही खूण करा, फक्त साध्या ऊ पासून वेगळी ठेवा, नाहीतर ताडून बघताना तुमचं तुम्हालाच कळणार नाही.