स्वस्त सिंगल बोर्ड कॉम्प्युटर: काटकसर चुकीच्या जागी होतेय का?

महापेकर
नवी मुंबई-ठाण्यातल्या महापे, रबाळे, वागळे इस्टेटच्या छोट्या युनिटांत डेटा लॉगर (मशीनच्या नोंदी वेळेसकट साठवणारं यंत्र) म्हणून रास्पबेरी पाय हा एकाच बोर्डावरचा छोटा संगणक सर्रास लावतात. माझं मत स्पष्ट आहे: प्रोसेसर आणि रॅम दणकट, पण पॉवर इनपुट, स्टोरेज आणि घड्याळ इथे नको तेवढा हात आखडता घेतलाय.

पॉवरचंच बघा. रास्पबेरी पाय 3 मायक्रो यूएसबीवर चालतो. केबलमधली 28 गेजची बारीक तार मीटरला साधारण 0.21 ओहम, म्हणजे जाऊन-येऊन 0.43. दीड अँपिअर ओढला की 0.64 व्होल्ट केबलमध्येच जिरतात. अडॉप्टर 5.1 देत असला तरी बोर्डाच्या पदरात 4.46 पडतात, आणि अंडरव्होल्टेजचा इशारा 4.63 ला येतो. बोर्डावरच 12 व्होल्टचा बक कन्व्हर्टर (जास्त व्होल्टेज उतरवून 5 वर आणणारं सर्किट) असता तर तेवढ्याच पॉवरला 0.65 अँपिअर पुरले असते. मग केबलमध्ये पाव व्होल्ट गेला काय नि राहिला काय!

घोडबंदरकर
पटलं नाही. 12 व्होल्टचा बक म्हणजे कंट्रोलर, इंडक्टर, जास्त व्होल्टेजचे कपॅसिटर आणि वर बोर्डावरची जागा. 2012 मध्ये 35 डॉलरचं लक्ष्य ठेवलेल्या, शिकणाऱ्या मुलांसाठीच्या बोर्डात तो खर्च प्रत्येकाच्या माथी का मारायचा? मोबाइलचा चार्जर घरोघरी होता, तो वापरला.

जिथे खर्च रास्त होता तिथे त्यांनी केलाच. पहिल्या मॉडेल बी मध्ये 3.3 व्होल्ट लिनिअर रेग्युलेटरमधून (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा) यायचे. अर्धा अँपिअर धरला तर 5 आणि 3.3 मधला फरक 1.7 गुणिले 0.5, म्हणजे 0.85 वॅट नुसती उष्णता. 2014 च्या बी प्लसमध्ये स्विचिंग रेग्युलेटर आले आणि अर्धा ते एक वॅट वाचला.

युनिटमध्ये लावायचा तर बाहेरून बक लावा, 5.1 वर सेट करा आणि 20 गेजच्या जाड तारेने हेडरच्या (बोर्डावरच्या पिनांची रांग) पिन 2 व 4 ला द्या, ग्राउंड पिन 6 ला. मीटरभर तारेत 0.1 व्होल्टच पडेल. फक्त इथून दिलं की बोर्डावरचा पॉलिफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) वगळला जातो, म्हणून 2.5 अँपिअरचा फ्यूज आपला आपण टाकायचा. तो विसरलात आणि बोर्डात शॉर्ट झाला, तर करंट तोडायला मध्ये काहीच नाही.

तळोजा_बेंच
पॉवरपेक्षा स्टोरेज जास्त छळतं. लॉगची एक ओळ लिहायची तरी पायच्या एसडी कार्डाचा कंट्रोलर आतून मोठा ब्लॉक हलवतो. नेमकी त्याच क्षणी वीज गेली की ज्या फाइलला कोणी हातही लावला नव्हता तीसुद्धा बिघडते. बीगलबोन ब्लॅक या अशाच दुसऱ्या बोर्डावर 2013 पासून ईएमएमसी (स्टोरेजची चिप) सोल्डर केलेली आहे, रेव्हिजन सी पासून 4 जीबी. तळोज्यातल्या दमट, केमिकलच्या हवेत सॉकेटचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. ईएमएमसीला सॉकेटच नाही.

घोडबंदरकर
आणि ती ईएमएमसी झिजली की सहज बदलता येत नाही! कार्ड दोन मिनिटांत बदलता येतं. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा म्हणजे रूट पार्टिशनवर लिहिणंच थांबतं. डेटासाठी वेगळं पार्टिशन करा आणि ओळीओळीने न लिहिता मिनिटाचा गठ्ठा एकदम लिहा. यात हार्डवेअरचा एक पैसा लागत नाही.

रबाळे_आरअँडडी
घड्याळाबाबत महापेकरांशी सहमत. पाय 5 येईपर्यंत बोर्डावर आरटीसी (वीज गेली तरी सेलवर वेळ राखणारं घड्याळ) नव्हतं. नेट नसलेल्या शेडमध्ये वीज आली की लॉगच्या वेळा चुकीच्या. डीएस3231 हे घड्याळाचं मॉड्यूल लावा, पण एक सांभाळा: बाजारातल्या बऱ्याच निळ्या मॉड्यूलवर रिचार्जेबल सेलसाठी चार्जिंग सर्किट असतं. त्यात रिचार्ज न होणारा साधा सीआर2032 सेल घालणार असाल तर आधी तो डायोड किंवा 200 ओहमचा रेझिस्टर काढा, नाहीतर सेल फुगतो.

 

महापेकर
घोडबंदरकर, तुमचं ओव्हरले मान्य. पण शेवटचा गठ्ठा लिहून नीट शटडाउन व्हायला दहा सेकंद तरी हवेत. 5 व्होल्टच्या बाजूला सुपरकपॅसिटर (काही सेकंदांपुरती वीज साठवणारा मोठा कपॅसिटर) लावून 0.8 अँपिअर दहा सेकंद द्यायचा आणि घट 0.4 व्होल्टच्या आत ठेवायची, तर 20 फॅरड लागतात. त्याऐवजी बकच्या आधी, 12 च्या बाजूला 2.7 व्होल्टचे, 10 फॅरडचे सहा सिरीजमध्ये लावा: 1.67 फॅरड. 12 वरून 8 पर्यंत उतरताना 67 ज्यूल मिळतात. बकची कार्यक्षमता 85 टक्के धरली तरी 4 वॅटच्या लोडला 14 सेकंद. बॅलन्सिंग रेझिस्टर, चार्जिंगचा करंट आवरायला रेझिस्टर आणि उलटा प्रवाह अडवायला डायोड एवढंच वर. हे सगळं 12 व्होल्ट इनपुटमुळे जमतं, म्हणून ते बोर्डावरच हवं.

घोडबंदरकर
हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष नाही. ज्याला हे हवंय त्याने 2020 चं कम्प्यूट मॉड्यूल 4 (आपण बनवलेल्या कॅरियर बोर्डावर बसवायचा पायचा गाभा) घ्यावं, ईएमएमसीवालं, आणि 12 व्होल्ट, आरटीसी, सुपरकपॅसिटर आपल्या कॅरियर बोर्डावर टाकावेत.

महापेकर
त्या मॉड्यूलला 100 पिनांचे दोन कनेक्टर आहेत, पिच 0.4 मिलिमीटर. पाच-दहा नग बनवणाऱ्या युनिटला ते हाताने सोल्डर होत नाहीत. स्टेन्सिल आणि रिफ्लो (सोल्डर पेस्ट लावून ती तापवून वितळवणं) लागतो. पन्नासच्या खाली नग असतील तर मी आजही साधा पाय आणि बाहेरचा बकच लावायला सांगेन. तो बाहेरून लावावा लागतो, तक्रार आहे ती याचीच.