शेंगेन व्हिसा: फाइल नेमकी कुठे अडते?

रांगोळी

कपाट आवरताना जुन्या शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) फाइल हाती लागली. पावतीवर शुल्क ६० युरो! फेब्रुवारी २०२० मध्ये ते ८० झालं आणि ११ जून २०२४ पासून ९० आहे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत मिळत नाही. म्हणून म्हटलं धागा काढावा. प्रवासवर्णनं नकोत, ती भरपूर आहेत. कागद कुठे अडतो आणि का, तेवढंच लिहा. सुरुवात करते.

माझं ठाम मत, पैसा कमी पडला म्हणून नकार येतो त्याहून जास्त वेळा कागदांचा आपापसात मेळ नसतो म्हणून येतो. रजेचं पत्र १० ते २२ तारखेचं, विमानाचं रिझर्व्हेशन ९ ते २३, विमा १० ते २२ आणि हॉटेलांच्या मध्ये एक रात्र कोरी. ती रात्र कुठे काढणार? फलाटावर? हे चार कागद टेबलावर शेजारी ठेवून तारखा ताडून बघा, मगच अपॉइंटमेंटला जा.

विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. आजारपण, हॉस्पिटल आणि परत आणण्याचा खर्च, सगळं त्यात धरलेलं हवं, आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ × ४५ मिमी. दुकानदाराला 'पासपोर्ट साइज' म्हणू नका, माप सांगा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला १५ दिवस, जास्त चौकशी लागली तर ४५. पण खरी रांग अपॉइंटमेंटची असते. मे महिन्यात जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत उठा.

शेवटची लोकल

कुठल्या देशाकडे अर्ज करायचा यावरच निम्मे लोक चुकतात. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. पॅरिस ३ रात्री, स्वित्झर्लंड ४, इटली ३, तर अर्ज स्विसकडे. दिवस समसमान असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. 'अमक्याची अपॉइंटमेंट लवकर मिळते' म्हणून त्याच्या नावावर दोन रात्री वाढवायच्या आणि व्हिसा आल्यावर बुकिंग रद्द करायचं, हे धंदे नकोत. विमानतळावर अधिकारी हॉटेलचे कागद मागू शकतो, आणि खोट्या कारणावर घेतलेला व्हिसा तिथल्या तिथे रद्द होऊ शकतो.

अजून एक. पॅरिस–लंडन–अ‍ॅमस्टरडॅम असा बेत असेल तर लंडनला गेलात म्हणजे शेंगेनबाहेर पडलात. परत शिरायला दुसरी एंट्री लागते. फॉर्मवर सिंगलवर टिक केली की अ‍ॅमस्टरडॅम टीव्हीवर बघा.

चकली

वाचनखूण!! कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. तोवर एकच, बोटांचे ठसे द्यायच्या आठवड्यात लग्नाला जाऊन मेंदी काढू नका. बोटांची टोकं रंगली किंवा कापलेली असली की मशीन ठसे घेईनासं होतं. बाराच्या आतल्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

रांगोळी

@चकली, आणि एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. फॉर्ममध्ये आधी ठसे दिलेत का असा रकाना आहे, तिथे तारीख आणि जुन्या व्हिसाचा नंबर टाकायचा. तरी सेंटरवर पुन्हा मागितले तर द्यावेत, वाद घालू नये.

पासबुक

बँक स्टेटमेंटबद्दल. तीन महिन्यांचं मागतात, काही देश सहा. नेटवरून काढलेल्या प्रिंटवर बँकेचा शिक्का आणि सही घ्या. बघणारा माणूस शिल्लक नंतर बघतो, आधी ओघ बघतो. पगार दर महिन्याला त्याच सुमारास येतो का, तो पगारपत्रकाशी जुळतो का, खर्च माणसासारखा आहे का. वर्षभर खात्यात ४० हजार आणि अर्जाआधी आठवडाभर एकदम पाच लाख, ही रक्कम कुणाकडून तरी तात्पुरती आणलीय हे शेंबड्या पोरालाही कळतं. एफडी मोडली असेल तर मोडल्याची पावती जोडा. घर विकलं, ग्रॅच्युइटी आली, जे काही असेल त्याचा कागद जोडा. मोठी जमा असणं हा गुन्हा नाही, ती कुठून आली हे न सांगणं नडतं.

किती पैसे दाखवायचे? प्रत्येक देशाचा आकडा वेगळा. फ्रान्सचा सांगतो: हॉटेल बुक असेल तर दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२०, यजमानाचं पालिकेचं पत्र असेल तर साडेबत्तीस.

नोकरी नसणाऱ्यांनी घाबरू नये. दुकानदाराने गुमास्ता परवाना आणि जीएसटी प्रमाणपत्र, निवृत्तांनी पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि पेन्शन जमा होणारं खातं, शेतकऱ्याने सातबारा. सोबत तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. सातबारा मराठीत असतो, तो तसाच जोडला तर समोरच्याला कोरा कागदच. इंग्रजी भाषांतर करून नोटरी करा. ग्रामपंचायतीच्या विवाह दाखल्याचंही तेच.

अर्धा पेला

सातबाऱ्याचं भाषांतर करणारा भेटला तर त्याच्या पाया पडा. 'पोटखराबा'ला इंग्रजीत काय म्हणतात? 😄

पासबुक

लागवडीस अयोग्य क्षेत्र एवढाच अर्थ पोचवायचा. व्हिसा ऑफिसरला तुमच्या जमिनीत ज्वारी येते का याच्याशी कर्तव्य नाही. तुम्ही परत का येणार, ते त्याला हवंय.

इसारकाठी

म्युनिकहून. आई-बाबांना बोलावणाऱ्यांसाठी लिहितेय, भारतातली फाइल आणि इथली फाइल वेगळी असते. जर्मनीत खर्चाची हमी आपण घेणार असू तर आउसलेंडरबेहोर्डेकडून (परदेशी नागरिकांचं कार्यालय) फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग, म्हणजे हमीपत्र, काढायचं (नाव एका दमात म्हणता आलं तर अर्धा व्हिसा झालाच). शुल्क २९ युरो. पगाराच्या स्लिपा, घराचा करार आणि घर किती चौरस मीटर ते लागतं. त्या ऑफिसचीही अपॉइंटमेंट घ्यावी लागते, म्हणून आई-बाबांची तारीख घेण्याआधी ही बघा. मूळ कागद भारतात पाठवावा लागतो, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही. काढल्यापासून सहा महिन्यांत वापरा.

फ्रान्समध्ये यजमानाला नगरपालिकेतून निवासाचं पत्र काढावं लागतं, त्याला ३० युरोंचा स्टॅम्प. नेदरलँड्समध्ये ठरावीक फॉर्मवर सही करून ती गेमेंटेत (तिथली नगरपालिका) साक्षांकित करायची. 'आमच्याकडे राहतील' असं ईमेलचं पत्र बाकी कुठे चाललं असेल, पण या तीन देशांत त्यावर विसंबू नका.

ज्येष्ठांच्या विम्याचंही बघा. व्हिसापुरता स्वस्त विमा मिळतो, पण साठीपुढच्यांच्या पॉलिसीत बरेचदा खोलीभाडं, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळ्या मर्यादा असतात आणि जुनी दुखणी वगळलेली असतात. व्हिसा मिळेल, हॉस्पिटलचं बिल मात्र मुलाच्या खिशातून. पॉलिसीचं तिसरं-चौथं पान वाचा.

चकली

आले. नावाबद्दल कुणीच लिहिलं नाही? आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम' मध्ये असतं. तिकीट काढताना मधलं नाव गाळू नका, पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत < < अशा खुणांच्या मध्ये जे छापलंय तेच आणि त्याच क्रमाने. आणि ज्यांचा पासपोर्ट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, आणि बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगने आहे त्यांनी विवाह दाखला (भाषांतरासकट) आणि एकाच व्यक्तीची ही दोन नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडावं. ३० जूनला लग्न आणि १५ जुलैचं तिकीट असणाऱ्या नवरीने पासपोर्टवरचं नाव बदलायच्या भानगडीत पडू नये. जुन्या नावाने जा, आल्यावर बदला.

शेवटची लोकल

@चकली शेवटच्या वाक्यासाठी दंडवत.

पंचांग

स्टिकर कसा वाचायचा ते लिहितो, कारण व्हिसा हातात आल्यावर पेढे वाटतात पण तो वाचत कुणी नाही. तीन गोष्टी: पासून–पर्यंत तारखा, एंट्री किती (०१, ०२ की मल्टी, म्हणजे अनेकदा), आणि राहायचे दिवस. समजा १२ दिवसांची सहल आहे. तारखांमध्ये २७ दिवसांची खिडकी दिसेल, कारण १५ दिवसांची मोकळीक जोडलेली असते. त्याचा अर्थ २७ दिवस राहा असा नाही! विमान पुढे-मागे झालं तर सोय म्हणून ते दिवस. राहायचं १२च. मावशीकडे अजून आठवडा राहू म्हणालात की मुदत ओलांडली.

मल्टीवाल्यांसाठी ९०/१८० चा नियम. कुठल्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे (तो दिवस धरून), त्यात ९० पेक्षा जास्त दिवस आत नसावेत. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही मोजतात. १ मेला शिरलात तर ९० वा दिवस २९ जुलै. मग पुढची एंट्री कधी? १ मे खिडकीबाहेर पडतो २८ ऑक्टोबरला, त्याआधी एक दिवससुद्धा नाही. 'महिनाभर लंडनला जाऊन आलो की मीटर शून्यावर येतं' हा गैरसमज आहे. 'सहा महिन्यांचा व्हिसा आहे म्हणजे सहा महिने' हाही.

रांगोळी

पूर्वी शिक्के मोजायला वेळ लागायचा, आता कॉम्प्युटर मोजतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून एंट्री-एक्झिट सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू झाली, १० एप्रिल २०२६ ही ती सगळीकडे पूर्ण लागू होण्याची तारीख. शिक्क्याऐवजी नोंद. आपले ठसे व्हिसाच्या नोंदीत आधीच असल्याने सीमेवर चेहऱ्याचा फोटो घेतात.

आणि हो, एटिआस आपल्यासाठी नाही. ज्यांना शेंगेनला व्हिसा लागत नाही त्या देशांच्या नागरिकांसाठी ती परवानगी आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांना 'एटिआस काढून देतो' म्हणणारी साइट दिसली तर टॅब बंद करा.

हापूसप्रेमी

अमेरिकेचं पण असंच आहे का हो? आईकडे दहा वर्षांचा व्हिसा आहे. ती म्हणते, मग आठ महिने राहते.

पंचांग

नाही!! तो दहा वर्षांचा कागद फक्त दार ठोठावायचा. आत किती दिवस, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ वर (प्रवेशाची सरकारी नोंद) असते. बी-२ ला (पर्यटक व्हिसा) बहुतेक वेळा सहा महिने. आय-९४ ऑनलाइन काढता येतो, उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी उघडून तारीख बघा. पासपोर्ट आधी संपत असेल तर तारीखही आधीची मिळू शकते. पण हा शेंगेनचा धागा आहे, अमेरिकेसाठी वेगळा काढा.

कारंजा

बदली विमानाचं लिहायचं राहिलं. मुंबई–फ्रँकफर्ट–रोम असेल तर शेंगेनमध्ये शिरणं फ्रँकफर्टला, रोमला जाणारं विमान देशांतर्गतसारखं. पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच, म्हणून बदलीला दीड तासापेक्षा कमी वेळ असेल तर तिकीट घेऊ नका. आणि हॉटेल, विमा, परतीचं तिकीट यांच्या प्रिंट हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन बॅगेतले कागद त्या काउंटरवर कुणाच्या उपयोगाचे? व्हिसा असला तरी प्रवेशाची हमी नसते, तिथेही विचारतात.

आयर्लंड आणि सायप्रस शेंगेनमध्ये नाहीत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आहे. रोमानिया-बल्गेरिया विमान आणि समुद्रमार्गे ३१ मार्च २०२४ पासून, रस्ता-रेल्वेने १ जानेवारी २०२५ पासून. जुन्या ब्लॉगांवर यादी वाचून बेत आखू नका.

टपरी

नकार आलाय एका नातेवाइकांना. 'प्रवासाचा हेतू आणि परिस्थिती सिद्ध झाली नाही' यावर टिक. काय करायचं?

रांगोळी

@टपरी, ती टिक म्हणजे बहुतेक वेळा बेत आणि कागद यांचा सांधा सुटलाय. दिवसवार बेत बघा: रोज कुठे झोपणार, एका गावातून दुसऱ्या गावात कशाने जाणार. दुसरी नेहमीची टिक 'मुदतीआधी परत जाल याची खात्री नाही' ही असते, तिला नोकरी, घर, शेती, मागे राहिलेली माणसं यांचे कागद हे उत्तर. अपील करता येतं, मुदत आणि पत्ता नकाराच्या कागदावरच असतो. जर्मनीने मात्र १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडे फेरविचार मागायची सोय बंद केलीय, आता कोर्ट किंवा नवा अर्ज. घाईचं असेल तर नवा अर्ज बरा, पण तीच फाइल पुन्हा देऊ नका. आणि फॉर्ममध्ये आधीचा नकार लपवू नका, तो त्यांना दिसतो.

शेवटची लोकल

आणि सरळ वागणाऱ्यांना बक्षीसही आहे. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाले: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टी मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी, म्हणून संपत आलेला पासपोर्ट अर्जाआधी नवा करा. जुन्या पासपोर्टावर चालू व्हिसा असेल तर दोन्ही पुस्तकं बरोबर न्या.

हापूसप्रेमी

हे सगळं झालं, पण मुलीकडे हापूसची पेटी नेता येते का? मूळ प्रश्न तोच होता.

इसारकाठी

नाही. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट. ताजा कढीपत्ताही नको. मांस आणि दुधाचे पदार्थ बंद, त्यात तूप आलं, म्हणजे बरणी घरीच ठेवा. औषधं मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणि मूळ पाकिटात.

चकली

म्हणजे नारळ नेता येतो, आणि तिथे सोलायचा कशाने? 😂

इसारकाठी

सोलूनच आणा. शेंडी ठेवा, नाहीतर वाटेतच तडकतो.