मदत हवी आहे: जपानी रॉकच्या सीडी पुण्यात मागवताना कुरियर की पोस्ट?

नमस्कार मंडळी,

सीडीजपान या जपानी ऑनलाइन दुकानातून 3 साध्या सीडी आणि ब्लू-रे असलेली 1 मर्यादित आवृत्ती मागवायची आहे. जपानमध्ये नव्या सीडीची किंमत कंपनीच ठरवते, त्यामुळे दुकानं बदलून फारसं काही वाचत नाही. खरा फरक पडतो तो पाठवणीत.

साधी सीडी साधारण 100 ग्रॅमची, म्हणजे वजनाची चिंता नाही. अडचण सोबत येणाऱ्या पोस्टरची आहे. ते 75×8×8 सेंमीच्या नळीत येतं. कुरियरवाले लांबी-रुंदी-उंचीच्या (सेंमीमधल्या) गुणाकाराला 5000 ने भागून येईल ते किलोतलं वजन धरतात, म्हणजे जेमतेम पाव किलोच्या नळीचे पैसे जवळजवळ 1 किलोचे! ईएमएसमध्ये (पोस्टाची जलद आंतरराष्ट्रीय सेवा) प्रत्यक्ष वजन धरतात, म्हणून माझा कल तिकडे आहे. पोस्टर घडी घालून मागवायचं नाही, घडीवरची शाई उडते.

अलीकडे ईएमएसने मागवलेल्यांनी कृपया सांगा:

सीमाशुल्क पोस्टमनकडेच भरलं की पोस्टात जावं लागलं? केवायसी आधी मागितलं का? पावतीवर प्रत्येक सीडीची किंमत वेगळी लिहिलेली असली तर सुटका लवकर होते का?

शिवाय ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे विभाग (रीजन) पाडलेले आहेत; जपानची ब्लू-रे ए विभागाची, आपले प्लेअर सी विभागाचे. डिस्कवर विभागाचं बंधन असेल तर ती इथे चालणार नाही. सर्व विभाग चालवणारा, सध्या भारतात मिळणारा प्लेअर कोणता? मॉडेल क्रमांकासकट सांगा.

फुकट डाउनलोडच्या लिंक नकोत. बँडला पैसे पोचले पाहिजेत.