मदत हवी आहे: ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये दुसऱ्यांदा सापडला, तीन वर्षांचा नियम अजून आहे का?

नमस्कार मंडळी,

माझा मेहुणा (वय ३१, नाशिक) परवा रात्री नाकाबंदीत बाइकवर सापडला. मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा आला ८६. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ. मग दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं. गाडी जमा, लायसन जमा. सासूबाई अजून "दोनच घोट घेतले होते" यावर ठाम आहेत. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय.

अडचण अशी की ही दुसरी वेळ. २०२१ मध्येही सापडला होता. तेव्हा कोर्टात गुन्हा कबूल केला, १०,००० रुपये भरले आणि सहा महिने लायसन गेलं. आता कोर्टाबाहेरचा एक एजंट म्हणतो, "तीन वर्षं उलटली ना, मग कायद्याने ही पहिलीच वेळ. कबूल करा, दहा हजार भरा, दुपारी घरी." मला पटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ नेटवर दोन ठिकाणी वाचलं. एकीकडे तीन वर्षांची अट आहे, दुसरीकडे नाही. खरं काय?

दुसरं म्हणजे त्याचं पोट छोट्या हत्तीवर आहे, बँकेचा हप्ताही चालू आहे. पकडला बाइकवर, पण लायसन एकच. किती काळ जाईल?

"ओळखीने मिटवा" हा सल्ला कृपया नको, तो घरातून भरपूर मिळतोय.

काळाकोट:
एजंटचं पुस्तक जुनं आहे. तीन वर्षांची अट १९८८ च्या मूळ कायद्यात होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून नवं कलम लागू झालं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. कैद होईलच असं नाही, पण होणार नाही हे सांगणारा एजंट कोण? ते न्यायाधीशांच्या हातात. वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नका.

लायसनचं म्हणाल तर १८५ खाली दोषी ठरला की कलम २० प्रमाणे किमान सहा महिने अपात्रता. किमान हं, जास्तही देतात. त्या काळात हत्ती चालवताना सापडला तर कलम १८२ वेगळं लागेल.

अटकेची आणि वैद्यकीय तपासणीची वेळ कागदावर बघा. मधलं अंतर दोन तासांच्या आत हवं.

घाटातला:
म्हणजे दोन तास उलटले असतील तर केसच उडाली?

काळाकोट:
नाही हो. कलम २०२ एवढंच म्हणतं की तपासणी वेळेत झाली नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. खटला आपोआप संपत नाही. बचावात मुद्दा मांडता येतो, इतकंच.

धागाकर्ता:
आभार, काळाकोट साहेब. कागद पाहिले. अटक ११:४०, तपासणी १२:५५. तेही दार बंद. एजंटला नाही म्हणून कळवलं, उद्या वकिलांकडे जातोय, २०२१ च्या निकालाची प्रत सापडली आहे ती घेऊन.

नाशिक-सिन्नर फेऱ्यांना बदली ड्रायव्हर सध्या दिवसाला किती घेतो, कुणाला कल्पना आहे का?