जीईसीएलचा पूर्ण हप्ता ऑगस्ट २०२१ पासून; मुदतवाढ आणि वाढीव १० टक्के मागायचे कसे?

धोटा | १३ जून २०२१

इचलकरंजीत २४ साधे माग आहेत. सरकारी बँकेत २० लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं खातं) आणि मागांवरचं टर्म लोन. २९ फेब्रुवारी २०२० ला दोन्हीची मिळून बाकी २४ लाख होती, त्यावर २० टक्क्यांनी जुलै २०२० मध्ये ४ लाख ८० हजार जीईसीएल (कोविडकाळातलं केंद्राच्या हमीचं कर्ज) मिळालं. दर ९.२५ टक्के. वर्षभर फक्त व्याज होतं, ते दरमहा वेळेवर भरलंय. आता ऑगस्टपासून मुद्दलासकट हप्ता. एप्रिलच्या निर्बंधांपासून निम्मे माग बंद, सूत रोखीनं घ्यावं लागतं आणि कापडाचे पैसे ९० दिवसांनी येतात. ३० मे ला केंद्रानं पाच वर्षांची मुदत आणि आणखी १० टक्के जाहीर केलेत, पण शाखेत "तुम्हाला एकदा मिळालंय" एवढंच उत्तर मिळतं. अर्ज नक्की कशासाठी करायचा? आणि दोन्ही घ्यावं का?

ताळेबंद

दादा, गोंधळ इथेच होतो. या दोन वेगवेगळ्या सवलती आहेत आणि त्यांच्या अटीही वेगळ्या आहेत. अर्जात दोन्ही एकाच वाक्यात मागितल्या की शाखा एका कारणावरून दोन्ही परत पाठवते.

पहिली, मुदतवाढ. मूळ रचना १२ महिने व्याज आणि ३६ हप्ते अशी चार वर्षांची. नव्या रचनेत २४ महिने फक्त व्याज, मग ३६ हप्ते. यासाठी रिझर्व्ह बँकेच्या ५ मे २०२१ च्या परिपत्रकानुसार तुमचं खातं पुनर्रचनेला, म्हणजे कर्जाच्या अटी बदलून मिळायला, पात्र असावं लागतं.

दुसरी, २९ फेब्रुवारीच्या बाकीच्या आणखी १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत २ लाख ४० हजारांपर्यंत नवं कर्ज. हे मात्र पुनर्रचनेच्या जोडीनंच मिळतं. नुसतं "वाढीव १० टक्के द्या" असा अर्ज केला तर तो टिकत नाही.

पात्रता तपासा: ३१ मार्च २०२१ ला खातं स्टँडर्ड, म्हणजे बुडीत न ठरलेलं, असलं पाहिजे. जानेवारी २०१९, फेब्रुवारी २०२० किंवा ऑगस्ट २०२० च्या परिपत्रकांखाली आधी पुनर्रचना झालेली नको. जीएसटी नोंदणी हवी (ज्यांना सूट आहे ते सोडून). उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणीही हवी. जुनं उद्योग आधार असेल तर आधार आणि पॅन वापरून सरकारी पोर्टलवर उद्यम आजच करून घ्या. ती पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारी साइट सरकारी नाही.

आता आकडे. ४ लाख ८० हजारांवर ९.२५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३,७०० रुपये. ऑगस्टपासून समान हप्ता सुमारे १५,३२०. मुदत वाढली तर हाच हप्ता ऑगस्ट २०२२ पासून, तोवर ३,७००. या एका वर्षाची किंमत १२ गुणिले ३,७००, म्हणजे ४४,४०० रुपये जादा व्याज. महिन्याला ११,६०० रुपये हातात राहतात, ते सुतात फिरत असतील तर मी मुदतवाढ घ्याच म्हणेन. वाढीव २ लाख ४० हजारांचं तसं नाही. त्याच दरानं महिन्याला आणखी १,८५० व्याज, आणि पुढे मुद्दल आहेच. जुनी देणी मिटवायला ते घेऊ नका. सूत भरून माग चालू होणार असतील तरच घ्या.

कर्जखाते

वरच्या हिशेबात एक भर. काही बँका समान हप्ता न लावता मुद्दलाचे ३६ समान भाग करतात. तसं असेल तर महिन्याला १३,३३३ मुद्दल अधिक व्याज, म्हणजे पहिलाच भरणा १७,०३३ आणि पुढे तो उतरत जातो. मंजुरीपत्रात कोणतं लिहिलंय ते आधी वाचा. दरही बघा. ९.२५ ही बँकांसाठीची कमाल मर्यादा आहे, प्रत्येकाला तोच लागतो असं नाही.

शाखा का टाळते तेही समजून घ्या, म्हणजे वाद घालावा लागणार नाही. पुनर्रचना केली की बँकेला उरलेल्या कर्जावर १० टक्के तरतूद करावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम बाजूला ठेवावी लागते. म्हणून तोंडी विचारलं की तोंडी नकारच येतो. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. त्या पोचेपासून ३० दिवसांत निर्णय लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. बँक आणि तुम्ही मिळून पुनर्रचनेची प्रक्रिया सुरू करायचं ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत ठरलं पाहिजे, तिथून अंमलाला ९० दिवस. पण तुमचा हप्ता ऑगस्टमध्ये आहे, म्हणून अर्ज याच महिन्यात जाऊ द्या.

सोबत २९ फेब्रुवारीचे दोन्ही खात्यांचे उतारे, एप्रिल २०१९ पासूनची जीएसटी ३बी विवरणपत्रं, स्टॉक स्टेटमेंट, उद्यम प्रमाणपत्र आणि पुढच्या १२ महिन्यांची आवक-जावक जोडा. आवक-जावकीत किती माग कोणत्या महिन्यापासून चालतील ते लिहा. "परिस्थिती सुधारल्यावर" असं लिहिलं की फाइल तिथेच थांबते.

धोटा

हप्ता समानच आहे, आत्ता मंजुरीपत्र पाहिलं. दोन शंका. अर्ज दिल्यावर निर्णय होईपर्यंत हप्ता थांबवला तर? आणि मेव्हण्याची सीसी एका बँकेत, टर्म लोन दुसरीकडे. त्यांनी जीईसीएल अजून घेतलेलंच नाही.

ताळेबंद

थांबवू नका. गेल्या वर्षीची मार्च ते ऑगस्ट स्थगिती आणि हे यांचा संबंध नाही. इथे अर्ज म्हणजे स्थगिती नव्हे. थकून ३० दिवस उलटले की खातं एसएमए-१ (धोक्याच्या यादीत), ६० नंतर एसएमए-२ आणि ९० नंतर एनपीए (बुडीत). सरकारी हमी बँकेसाठी आहे, हमी देणाऱ्या एनसीजीटीसी या सरकारी कंपनीनं बँकेला दाव्याचे पैसे दिले तरी तुमची वसुली सुटत नाही. पुनर्रचनेची नोंदही क्रेडिट अहवालात राहते, हे धरूनच सीसी नूतनीकरणाचं बोला.

मेव्हण्यांना अजून मिळू शकतं. योजना ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत किंवा ३ लाख कोटींची हमी संपेपर्यंत आहे, यातलं जे आधी होईल ते. २९ फेब्रुवारीला थकबाकी ६० दिवसांपुढे नसावी. प्रत्येक बँकेकडून तिथल्या बाकीच्या २० टक्के घेता येतात. सगळं एकाच बँकेतून हवं असेल तर दुसरीचं ना-हरकत पत्र लागतं. सीसीची मर्यादा धरू नका, त्या दिवशीची प्रत्यक्ष बाकी धरा. त्याच दिवशी मोठा चेक जमा झाला असेल तर रक्कम कमी निघते आणि ती नंतर बदलून मिळत नाही.

कर्जखाते

आणि रक्कम स्वतंत्र खात्यावर आली पाहिजे, सीसीची मर्यादा वाढवून नव्हे. प्रक्रिया शुल्क नाही, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, नवं तारण नाही. असलेल्या तारणावरच दुसरा बोजा (जुन्या कर्जानंतरचा हक्क) चढतो. खात्यातून प्रक्रिया शुल्क कापलेलं दिसलं तर ते परत मागा.