लो कार्ब : पहिल्या आठवड्यात अडीच किलो गेले, आता काटा ढिम्म

भाकरीप्रेमी: पोळी, भात, साखर सगळं बंद केलं, आठवड्यात अडीच किलो गेले आणि आता पंधरा दिवस काटा हलायलाच तयार नाही. काय चुकतंय?

ताकवाला: अहो ते बहुतेक पाणीच गेलं. लिव्हर आणि स्नायूंत ग्लायकोजेन (कार्बपासून बनलेली राखीव साखर) साठलेलं असतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण ३ ग्रॅम पाणी चिकटलेलं, कार्ब तोडले की साठा संपतो नि पाणीही जातं. चरबी त्यानंतर, तीही कॅलरी कमी पडल्या तरच. तूप, पनीर, शेंगदाणे किती चाललेत?

भाकरीप्रेमी: शेंगदाणे... मूठभर, चार-पाचदा 🙈

ताकवाला: सापडला चोर! १०० ग्रॅमला ५५० च्या वर कॅलरी असतात.

खिचडीकाकू: २०१८ चा स्टॅनफर्डचा अभ्यास आहे, ६०० लोक, वर्षभर, लो फॅट विरुद्ध लो कार्ब, दोन्हीकडे सरासरी ५-६ किलोच उतरले. मला विचाराल तर लो कार्बचा खरा फायदा म्हणजे अंडी-पनीरने पोट भरतं, मधल्या वेळची चिवडा-बिस्किटं सुटतात. आणि डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टर, शुगर फार खाली जाऊ शकते.

भाकरीप्रेमी: गोळ्या नाहीत काकू. अर्धी भाकरी चालेल का पण?

खिचडीकाकू: खा रे, शेंगदाणे आवर.