मदत हवी आहे - उन्हाळ्यात अंगाला न चिकटणारी सुती चादर

आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. इथे मे महिन्यात पारा 33-34 च्या फारसा वर जात नाही पण हवा इतकी दमट असते की रात्री पंखा फुल असला तरी पाठ ओलीच, आणि त्यात लाईट गेली की संपलंच. सासूबाई 80 च्या पुढच्या आहेत, पाठीवर घामोळं उठतं दरवर्षी, एसी त्यांना चालत नाही कारण सांधे धरतात. सध्या त्यांच्या कॉटवर एक गुळगुळीत साटीनची चादर आहे, दुकानदाराने 400 थ्रेड काउंट (एका चौरस इंचात एवढे धागे) म्हणून कौतुकाने दिली होती, दिसायला छानच आहे पण घाम आला की अंगाला चिकटते आणि कूस बदलताना त्यांच्याबरोबर गोळा होत येते.

आता एका दुकानात सीअरसकरची चादर बघितली, ती चुण्याचुण्यांची असते ना, पट्टे पट्टे फुगलेले. हलकी वाटली हाताला. पण अशा चुण्या दोन-चार धुण्यात सपाट होतात का? म्हाताऱ्या माणसाच्या नाजूक कातडीला टोचेल का? आणि पांघरायलाही काहीतरी हवंय, कारण पायावर काही घेतल्याशिवाय त्यांना झोपच लागत नाही, सोलापुरी चादर थंडीत मस्त पण आत्ता अशक्य. कोणी वापरलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, त्यांची झोप होत नाही याचं फार वाईट वाटतं.

मागवाला
ताई, इचलकरंजीत आमचे माग आहेत म्हणून सांगतो. खऱ्या सीअरसकरला उभे धागे दोन वेगळ्या बीमवरून (मागावरचे धागे गुंडाळायचे रूळ) सोडतात, एक ताणून आणि एक सैल, सैल धागा विणताना गोळा होतो आणि त्याचीच चुणी बनते, म्हणजे ती विणीतच असते, धुऊन जात नाही. दुसरा प्रकार म्हणजे साध्या कापडावर कॉस्टिक सोड्याचे पट्टे मारून तेवढा भाग आकसवतात, ते वापरून आणि इस्त्रीने बरंच बसतं. ओळखायचं असं की विणीतल्या चुण्यांचे पट्टे कायम किनारीला समांतर, लांबीच्या दिशेनेच जातात, आडवे किंवा नक्षीचे दिसले तर दुसरा प्रकार समजा. कडेचा एक धागा काढून जाळून बघा, कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर आहे, मग कितीही चुण्या असू देत गरमच होणार. थ्रेड काउंटच्या मागे लागू नका, साध्या विणीचं 180-200 चं कापड उन्हाळ्याला साटीनपेक्षा केव्हाही बरं, साटीनमध्ये धागे वर तरंगत राहतात आणि कापड दाट होतं.

आजीची_नात
एक विचारू का, सासूबाई स्वतः कूस बदलतात ना? कारण जे बराच वेळ एकाच कुशीवर पडून असतात त्यांच्या खाली चुणीचं कापड अजिबात नको, चादरीला सुरकुती राहू देऊ नका असंच सांगतात, दाब येऊन जखम होते. आमच्या आजीला आम्ही खाली साधी मऊ सुती आणि पांघरायला चुणीची असं केलं होतं. आणि गादीवर रेक्झिन आहे का ते बघा, असेल तर वरची चादर कितीही भारी घ्या, घाम जायला वाटच नाही.

उन्हाळी_वर्धा
आमच्याकडे चादर पाणी मारून ओलसर करतात आणि कूलर लावतात पण ते कोरड्या हवेचं झालं, कोकणात करू नका, वाळणारच नाही.

सुपारी_बाग (धागाकर्ती)
खूप खूप आभार सगळ्यांचे! हो, कूस स्वतः बदलतात, पण रात्री गरज लागते म्हणून रेक्झिन काढता येत नाही.

आजीची_नात
मग रेक्झिन आणि चादर यांच्यामध्ये जुनी पातळ गोधडी नाहीतर मोठा टर्किश टॉवेल घाला, घाम तो शोषतो, सकाळी काढून उन्हात टाकायचा. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर बसतो आणि सुती कापड पाणी कमी ओढतं. इस्त्री तर नकोच.

मागवाला
आणि माप मोठं घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात 100 इंचाला चार-पाच इंच सहज आटतं. मीटरवर घेणार असाल तर आधी धुऊन मगच कडा शिवा.

सुपारी_बाग
नीट कळलं आता. खाली साधी सुती, मध्ये टॉवेल, हे आजच करते. पांघरायला सध्या त्यांचंच एक जुनं मऊ नऊवारी दुहेरी करून देते, तेवढं चालेलसं वाटतं, पण रोज धुऊन वाळवायला दुसरं एक हवंच. विणीतल्या चुण्यांचं कापड मीटरवर, निदान 58-60 इंच पन्ह्याचं, रत्नागिरी किंवा कोल्हापुरात कुठे मिळेल? कोल्हापूरला पुढच्या आठवड्यात जाणं आहेच, त्याआधी कोणी दुकान सांगितलं तर बरं होईल.